मॉस्फेटची मागची वाट

लाइट गेली की इन्व्हर्टर बॅटरीवर येतो आणि लाइट आली की तोच ती बॅटरी भरायला लागतो. आत जड ट्रान्सफॉर्मर असलेला जुन्या धाटणीचा इन्व्हर्टर उघडला, तर ॲल्युमिनिअमच्या हीटसिंकवर ओळीने बसवलेले, तीन पायांचे काळे मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, दिसतात. बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीचा एसी करणं हे त्यांचं काम. मग बॅटरी चार्ज करणारे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, कुठे आहेत? बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ते सापडत नाहीत, कारण वेगळे बसवलेलेच नसतात. चार्जिंगचा करंट त्याच मॉस्फेटमधून उलट्या दिशेने बॅटरीत जातो. भारनियमनाच्या वर्षांत गावोगावच्या घरांत हेच चालू होतं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलं नव्हतं. मॉस्फेट म्हणजे नळ आणि गेट म्हणजे त्याची तोटी, असंच आपण शिकतो. इथल्यासारख्या एन-चॅनल मॉस्फेटमध्ये करंट ड्रेन नावाच्या पायाकडून आत येतो, सोर्स नावाच्या पायाकडून बाहेर पडतो. गेटला व्होल्टेज दिलं की वाट उघडते, काढलं की बंद. चार्जिंगच्या वेळी तर गेटला काहीच दिलेलं नसतं. तोटी पक्की बंद, आणि तरी १५ अँपिअर करंट मागच्या बाजूने वाहतोय!

याचं उत्तर मॉस्फेटच्या चौथ्या भागात आहे. बाहेर पाय तीनच दिसतात, पण आत सोर्स, ड्रेन आणि गेट यांच्याशिवाय ‘बॉडी’ही असते. सोर्स आणि ड्रेन हे एन-प्रकारच्या (जादा इलेक्ट्रॉन असलेल्या) सिलिकॉनचे, तर त्यांच्या मधली बॉडी पी-प्रकारची (इलेक्ट्रॉनची उणीव असलेली). एन-पी-एन अशी ही रचना म्हणजे न मागता मिळालेला आणखी एक ट्रान्झिस्टर. बॉडी मोकळी सोडली, तर तो ट्रान्झिस्टर भलत्या वेळी चालू होऊन अख्खा मॉस्फेट जाळू शकतो. म्हणून पॉवर मॉस्फेट बनवतानाच सोर्सचा धातू बॉडीलाही टेकवतात. त्या आगंतुक ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे त्याला चालू करणारा मधला भाग, असा कायमचा जखडला जातो.

पण या बंदोबस्ताची एक किंमत असते. बॉडी सोर्सला जोडली गेली, म्हणजे आता सोर्स आणि ड्रेन यांच्यामध्ये एक सरळसोट पी-एन जोड उरला. पी-एन जोड म्हणजेच डायोड. त्याचा ॲनोड (करंट आत शिरण्याचं टोक) सोर्सकडे, कॅथोड (बाहेर पडण्याचं टोक) ड्रेनकडे. हाच बॉडी डायोड. एरवी ड्रेनचं व्होल्टेज सोर्सपेक्षा जास्त असतं, त्यामुळे हा डायोड उलटा पडतो आणि गप्प राहतो. ड्रेन सोर्सपेक्षा सुमारे ०.७ व्होल्टने खाली गेला, की तो वाहू लागतो. मॉस्फेटच्या दृष्टीने हा उलटा करंट. डायोडच्या दृष्टीने मात्र अगदी सुलटा. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आता पुन्हा इन्व्हर्टरकडे. साध्या रचनेत बॅटरीचा प्लस ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या मध्यबिंदूला जोडलेला असतो आणि वाइंडिंगची दोन टोकं मॉस्फेटमधून बॅटरीच्या मायनसला. लाइट आली की ट्रान्सफॉर्मर आपली भूमिका बदलतो: २३० व्होल्टची बाजू आता देणारी, बॅटरीची बाजू घेणारी. वाइंडिंगचं एक टोक क्षणभर मायनसच्याही खाली जातं, तिथल्या मॉस्फेटचा बॉडी डायोड उघडतो आणि करंट सोर्समधून ड्रेनकडे, तिथून वाइंडिंगमधून बॅटरीच्या प्लसला पोचतो. पुढच्या अर्ध्या फेऱ्यात दुसऱ्या टोकाची पाळी. एकही जादा डायोड न लावता पूर्ण रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारं सर्किट, तयार.

फक्त उष्णतेचं काय? १५० अँपिअर-अवरची बॅटरी १५ अँपिअरने भरत असेल आणि डायोडवर ०.८ व्होल्ट पडत असतील, तर १२ वॅट नुसते हीटसिंक तापवण्यात जातात.

इथे दुसरी वाट कामी येते आणि मला तीच जास्त सुंदर वाटते. गेटला सोर्सच्या तुलनेत १० व्होल्ट दिले, की गेटखालच्या पी-भागात इलेक्ट्रॉनचा एक पातळ थर गोळा होतो. हाच चॅनल. या थराला दिशा नसते. त्याच्या लेखी सोर्स आणि ड्रेन ही केवळ दोन टोकं आहेत. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाऊ शकतात, तसेच तिकडून इकडेही. मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी बेल लॅब्जमध्ये तयार केलेला मॉस्फेट १९६० साली जगासमोर आला. सोर्स आणि ड्रेनची अदलाबदल केली तरी चालेल, अशीच त्या मूळ रचनेची घडण होती. चॅनल उघडा असताना मॉस्फेट म्हणजे एक छोटा रेझिस्टर, आणि रेझिस्टरला उलटं-सुलटं नसतं.

इन्व्हर्टरमध्ये सर्रास दिसणाऱ्या आयआरएफझेड४४एनचा चालू स्थितीतला रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम असतो, तोही थंड असताना. असे चार समांतर जोडले आणि उलट्या करंटच्या वेळी त्यांचे गेट चालू केले, तर १५ अँपिअरला जेमतेम ०.०७ व्होल्ट पडतात. १२ वॅटच्या जागी सुमारे १ वॅट! डायोड समांतर तिथेच असतो, पण त्याला उघडायला लागणारं व्होल्टेजच मिळत नाही, म्हणून तो स्वस्थ राहतो. योग्य क्षणी गेट उघडून मॉस्फेटकडून डायोडचं काम करून घेण्याच्या या युक्तीला सिंक्रोनस रेक्टिफिकेशन म्हणतात. मोबाइलच्या चार्जरमध्ये ५ व्होल्टपैकी अर्धा व्होल्ट डायोडने खाल्ला तर दहावा हिस्सा गेला. म्हणून आजच्या बऱ्याच चार्जरमध्ये तिथेही मॉस्फेटच बसवलेला असतो.

वेळ मात्र अचूक साधावी लागते. बॅटरीच्या प्लस आणि मायनसच्या मध्ये एकापाठोपाठ एक असे दोन मॉस्फेट जोडलेले असतात तिथे दोन्ही एकदम चालू झाले, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधी अगदी क्षणभर दोघांनाही बंद ठेवतात. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरच्या गुंडाळ्यांतला करंट तेवढ्या वेळातही थांबायला तयार नसतो. तो बॉडी डायोडमधून वाट काढतो. डायोडमध्ये साठलेला विद्युतभार नंतर उपसावा लागतो, त्यात थोडी ऊर्जा वाया जाते आणि सर्किटला करंटचा झटकाही बसतो.

आणि उलटा करंट मुळीच नको असेल तर? एका मॉस्फेटने ते जमत नाही, कारण बॉडी डायोड बंद करता येत नाही. मग दोन मॉस्फेट पाठीला पाठ लावून, ड्रेन ड्रेनला जोडून बसवतात: एकाचा डायोड जिकडे सोडतो, तिकडे दुसऱ्याचा अडवतो. लिथियम-आयन बॅटरीला चिकटवलेल्या चिमुकल्या संरक्षक पट्टीवर हीच जोडी असते. एक अति चार्जिंग रोखायला, दुसरा अति डिस्चार्ज. बॅटरी फारच उतरली की डिस्चार्जचा मॉस्फेट बंद होतो, पण चार्जर लावल्यावर करंट त्याच्याच बॉडी डायोडमधून आत शिरू शकतो. व्होल्टेज सावरलं की गेट पुन्हा उघडतं. फोन नेहमीसारखा चालू असताना मात्र दोन्ही चॅनल उघडे असतात आणि करंट दोघांमधून जातो: एकातून ड्रेनकडून सोर्सकडे आणि दुसऱ्यातून सोर्सकडून ड्रेनकडे, म्हणजे उलटा.