स्केटिंगच्या पदकावर सरकारी नोकरी : पडताळणीत अर्ज कुठे अडतो

लहानपणापासून आर्टिस्टिक स्केटिंग (स्केट्स घालून संगीतावर करायच्या नृत्य-कसरती) केलेली मुलं विशीत आली की स्पर्धा सुटतात आणि पोटापाण्याचा विचार सुरू होतो. त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे. त्याचे निकष 1 जुलै 2016 चा शासन निर्णय आणि नंतरच्या दुरुस्त्यांत आहेत. पण नुसतं पदक पुरत नाही. ते खरं आहे आणि कोणत्या गटाच्या पदासाठी चालतं, असा पडताळणी अहवाल लागतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खेळाडूंसाठी तो क्रीडा उपसंचालकांच्या मानकापूर येथील विभागीय कार्यालयातून मिळतो.

अर्ज भरणं, आधार, दहावीची सनद, मूळ प्रमाणपत्रं दाखवणं यात सहसा कोणी अडत नाही. अधिवास प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवा. त्याला महाराष्ट्रातल्या 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची तिथे फार ओढाताण होते.

खरी अडचण तारखेची. मुलं समजतात, परीक्षा पास झाल्यावर कागदपत्र तपासणीला बोलावतील तेव्हा अहवाल दाखवू. तसं नाही. पदक तर अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत मिळालेलं हवंच, शिवाय त्या तारखेपर्यंत अहवाल हातात हवा किंवा प्रमाणपत्र पडताळणीसाठी दिल्याची पोच तरी हवी. नेमकं काय चालेल ते त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, तो परिच्छेद शांतपणे वाचा. मेरिटमध्ये येऊनही एका पोचपावतीपायी बाहेर पडलेली मुलं पाहिली की जीव तुटतो. म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका. पदक आलं त्याच वर्षी पडताळणीला द्या.

दुसरी अडचण अशा कागदाची, जो खेळाडूकडे कधीच नसतो : स्पर्धेचा अधिकृत निकाल आणि सहभागी खेळाडूंची यादी. ही स्पर्धा भरवणाऱ्या क्रीडा संघटनेकडे असते. प्रमाणपत्रावरची नोंद तिच्याशी जुळली नाही की अर्ज थांबतो. आठ वर्षांपूर्वीच्या स्पर्धेचे कागद पदाधिकारी बदलल्यावर शोधायचे कुणी? संघटनेनं नोंद नीट ठेवली नाही, त्याची शिक्षा पोरानं का भोगायची, हे मला आजवर पटलेलं नाही. तोवर उपाय एकच. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात निकालाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. प्रमाणपत्रावर नुसतं ‘स्केटिंग’ न लिहिता फ्री स्केटिंग, पेअर, सोलो डान्स असा प्रकार लिहून घ्या. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सनदेप्रमाणे आहे का, तेही तिथेच पाहा.

संघटना कोणती, हेही बघा. चाकांवरच्या स्केटिंगची राष्ट्रीय संघटना रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया, तर बर्फावरच्या स्केटिंगची आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. मिळत्याजुळत्या नावाच्या संस्था ‘नॅशनल’ भरवतात, भरमसाट फी घेतात, चकचकीत प्रमाणपत्र देतात. पडताळणीत त्याला किंमत नाही. पालकांनो, प्रवेश फी भरण्याआधी ही स्पर्धा राज्य संघटनेच्या कार्यक्रमात आहे का, एवढं विचारा.

एक भीती बरेच जण बोलून दाखवतात : क्लास घेऊन किंवा कार्यक्रमात स्केटिंग करून पैसे घेतले तर आपण ‘हौशी’ राहत नाही, मग आरक्षण जाईल का? ही भीती बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या जुन्या काळातून आलेली आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली नॉर्वेची सोन्या हेनी 1936 नंतर व्यावसायिक झाली आणि तिचा स्पर्धेचा रस्ता बंद झाला. पुढेही अनेक दशकं हाच नियम होता. 1994 च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये काटारिना विट, ब्रायन बॉयटानो यांच्यासारखे व्यावसायिक स्केटर परत उतरू शकले, ते नियम सैल झाल्यामुळे. आपल्याकडच्या पडताळणीत स्पर्धा आणि पदक तपासतात, तुमच्या क्लासची फी नाही. बिनधास्त शिकवा.

आपल्या खेळात पुढे काही नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी : 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामानं आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये दोन कांस्यपदकं आणली, त्यातलं एक अवनी पांचाळसोबत पेअरमध्ये.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ‘त्रुटी आहे’ एवढं तोंडी ऐकून परत फिरू नका. कोणता कागद कमी आहे हे लिहून मिळालं, तरच संघटनेकडे तो नेमका मागता येतो.