स्कूबा प्रमाणपत्रांची निवड

हौसेखातर पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्याने कोणते प्रशिक्षण, कोणत्या क्रमाने आणि कुठवर घ्यावे याचा निर्णय. ही प्रमाणपत्रे पॅडी (स्थापना १९६६), एसएसआय (१९७०) यांसारख्या प्रशिक्षण संस्था देतात. त्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम आयएसओ २४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळणारे असल्याने एका संस्थेचे कार्ड सहसा दुसऱ्या संस्थेच्या केंद्रावर चालते. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा प्रशिक्षक कसा आहे आणि एका वेळी किती जणांना पाण्यात नेतो, हे आधी विचारावे.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून केलेल्या ‘स्कूबा’ने प्रमाणपत्र मिळत नाही. पहिले खरे प्रमाणपत्र म्हणजे ओपन वॉटर. त्यात लेखी अभ्यास, तरणतलावातील सराव आणि समुद्रातील चार डाइव्ह असतात. पॅडीच्या अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे व १० मिनिटे तरंगणेही आवश्यक असते. यानंतर बडीसोबत (पाण्यातल्या जोडीदारासोबत) १८ मीटरपर्यंत उतरता येते.

नागपूरकराला समुद्र दूर आणि सुट्टी मोजकी. अंबाझरी, फुटाळा हे तलाव समुद्राची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र लेखी अभ्यास घरी ऑनलाइन करता येतो. गावातच तरणतलाव आणि पात्र प्रशिक्षक मिळाला, तर तेवढा भाग इथे उरकून समुद्रातील डाइव्ह दुसऱ्या केंद्रात पूर्ण करण्याची ‘रेफरल’ पद्धतही आहे. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, हे तारखा ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

ओपन वॉटरनंतर लगेच ॲडव्हान्स्ड घेण्याची घाई अनेकांना होते. त्यात पाच डाइव्ह असतात, पैकी खोल पाण्याची आणि दिशाशोधनाची सक्तीची; मर्यादा ३० मीटरवर जाते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात ही खोली कामाची नाही. अंदमानच्या स्वराज द्वीपाला जाणाऱ्याला ती उपयोगी पडते. वर्षातून एखादीच सफर होणाऱ्याने आधी नायट्रॉक्सचा (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) कोर्स घ्यावा, कारण त्याचा बहुतेक अभ्यास घरबसल्या होतो. पॅडीच्या कोष्टकानुसार दिवसाच्या पहिल्या डाइव्हमध्ये १८ मीटरवर साध्या हवेने ५६ मिनिटे राहता येते. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने ९५. प्रत्यक्षात टाकी बहुधा त्याआधीच संपते, पण एका दिवसात दोन-तीन डाइव्ह करणाऱ्याला हा फरक जाणवतो.

रेस्क्यू हा मात्र प्रत्येक हौशी डायव्हरने करावा असा कोर्स आहे. बडीची धाप आणि घबराट वेळीच ओळखायला तो शिकवतो. मास्टर स्कूबा डायव्हर (पाच स्पेशालिटी म्हणजे विशेष विषयांचे कोर्स, ५० डाइव्ह) हा सन्मान आहे. त्याने खोलीची नवी परवानगी मिळत नाही. ड्रायसूटचा (थंड पाण्यात अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखाचा) कोर्स आपल्या ऊबदार पाण्यासाठी अनावश्यक.

परतीचा प्रवासही कोर्सच्या निवडीत धरावा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी एका डाइव्हला किमान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबावे, असा डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. तो सुमारे ६०० मीटरहून अधिक उंचीला लागू होतो. मालवणहून आंबोलीमार्गे गाडीने निघालेला प्रवासी काही तासांतच जवळपास ६९० मीटरवर पोहोचतो. म्हणून पाच डाइव्हचा ॲडव्हान्स्ड कोर्स जोडसुट्टीत कोंबू नये. शेवटचा दिवस कोरडा ठेवता येईल एवढी रजा मिळाल्यावरच नाव नोंदवावे.