माळवद : घरातील गारवा व ऊब

लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत म्हणजे माळवद. असे छत असलेल्या घरालाही तेच नाव आहे. मराठवाड्यात बीड, लातूर, धाराशिव (उस्मानाबाद), परभणी या जिल्ह्यांत आणि लगतच्या सोलापूर-बिदर पट्ट्यात ते विशेष आढळते. किनवट-माहूरकडे पाऊस वाढतो तशी कौले व गवती छपरे अधिक दिसतात. प्रस्तुत नोंदीत माळवदाच्या उष्माविषयक वर्तनाचा मुख्यतः विचार केला आहे.

शब्दाच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. ‘माळा’ (वरचा मजला) या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याकडे सर्वसाधारण कल आहे. कन्नडमध्ये वरचा मजला वा सपाट छताचे घर या अर्थी ‘माळिगे’ आणि तमिळमध्ये वाड्यासाठी ‘माळिगै’ हे शब्द असल्यामुळे दाक्षिणात्य नातेही सुचवले जाते. शब्दाचा वावर मुख्यतः कन्नड सीमेलगत आहे हे लक्षात घेता दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही.

बांधणीच्या प्राचीनतेचा प्रश्न याहून अवघड आहे. माळवद सातवाहनकाळापासून चालत आले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र तेरसारख्या सातवाहनकालीन स्थळी उत्खननात भाजलेली कौले सापडली आहेत. नेवाशाचीही तीच साक्ष आहे. अर्थात कौले टिकतात आणि माती मातीत मिसळते, म्हणून कौलांच्या पुराव्यावरून मातीची छते नव्हतीच असे म्हणता येणार नाही. कौले संपन्न घरांपुरती असू शकतील. उभी असलेली माळवदे बहुधा गेल्या दोन-तीन शतकांतील आहेत.

दोन तुळयांमधील गाळ्यास खण म्हणतात आणि घर खणांनी मोजतात. तुळयांवर कडीपाट (कड्या व फळ्या) किंवा किलचण (जवळजवळ बसवलेल्या बारीक लाकडांचा थर), त्यावर पाला किंवा पाचट आणि त्यावर पांढरी माती धुम्मसने (चोपण्याच्या जड ठोकळ्याने) चोपून बसवतात. ही माती ‘पांढरी’तून, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडातून आणली जाई. अनेक पुरातन टेकाडे अशीच पोखरली गेली, ही माळवदाची पुरातत्त्वाला बसलेली झळ. काळी माती मात्र चालत नाही : ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते.

सूर्याच्या तापाची लाट मातीत शिरताना क्षीण होत जाते आणि उशिरा पोचते. कोरड्या चोपलेल्या मातीची उष्णता-विसरणशीलता (ताप किती झपाट्याने आत पसरतो याचे माप) सुमारे ०.५ चौ. मिमी. प्रतिसेकंद धरली, तर दर १२ सेंमी. खोलीला लाटेची उंची (म्हणजे तापमानाचा चढउतार) ३७ टक्क्यांवर येते आणि तिला पावणेचार तास उशीर होतो. ३० सेंमी. (एक फूट) थराखाली मूळ चढउताराच्या सुमारे ८ टक्के उरतात. मे महिन्यात वरचा पृष्ठभाग दुपारी ६० आणि पहाटे २४ अंश से. झाला, तरी थराच्या तळाशी फरक तीन अंशांच्या आत राहतो. दुपारी दोनचा कमाल ताप खाली पोचतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. तोवर वरची माती निवलेली असते आणि घरची माणसे तिथेच अंथरूण टाकून झोपलेली असतात. १२ सेंमी. काँक्रीटच्या स्लॅबखाली निम्म्यापेक्षा थोडी कमी लाट उरते आणि उशीर जेमतेम तीन तासांचा असतो, म्हणून स्लॅबची खोली नेमकी संध्याकाळी भट्टी होते. पत्र्याला उशीर असा नाहीच. (हा हिशेब थर अमर्याद जाड धरून केलेला असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे पुढेमागे होतात.)

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. थर ६० सेंमी. केला तर चढउतार एक टक्क्याच्याही खाली जातो; पण तीन अंशांचा फरक पाव अंशावर आल्याने राहणाऱ्याला काहीच कळत नाही. भार मात्र दुप्पट होतो.

माळवद घर थंड करते हे म्हणणे सैल आहे. ते दिवस-रात्रीची सरासरी धरून ठेवते, आणि मे महिन्यात ती सरासरीच तेहतीस-चौतीस अंशांच्या घरात जाते. त्याखाली उतरायचे तर रात्रीची हवा आत घ्यावी लागते. हे काम साण्याचे (बोलीत साणं, सवणं). छतातील या भोकातून उजेड येतो, धूर जातो आणि अंधार पडल्यावर आतली ऊन हवा वर निघून दारातून गार हवा ओढली जाते. सकाळी उन्हे तापण्याआधी दारे लावून साणे झाकायचे आणि दिवे लागल्यावर उघडायचे, हा क्रम मोडला की दोन-तीन दिवसांत भिंती तापून बसतात. चोरांच्या भयाने किंवा उंदीर-मांजरांमुळे साणे कायमचे बुजवलेल्या घरांत ‘माळवद असूनही उकडतं’ ही तक्रार ऐकू येते.

कूलर बसवतानाही साणे लागते. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेचे ओल्या फडक्याचे तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २२ अंशांच्या आसपास असते. वाळ्याची किंवा गवताची जाळी चांगली भिजलेली असल्यास कूलरमधून २६ अंशांची हवा मिळते. ती बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली चिकचिकीत होते, शिवाय किलचणाला दमटपणा लागून वाळवीला आमंत्रण मिळते. जुलैत ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला तोच कूलर २९ अंशांच्या खाली फारसा जात नाही. बोअरच्या जड पाण्याने जाळीवर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि वारा अडतो. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकणे हाच सोपा उपाय.

पाण्याच्या सान्निध्याने गारवा मिळवण्याची राजेशाही उदाहरणेही याच प्रदेशात आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, तर छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाखाली दालन आहे. सामान्य घरबांधणीवर त्यांचा परिणाम झालेला दिसत नाही.

हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला तरी जाड भिंती व छत ऊब धरतात. पूर्वी चुलीची भर असे. धुराने लाकडाला कीड लागत नसे, डोळ्यांचे मात्र हाल होत. साणे बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे जीवघेणे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि निखाऱ्यांचा धूर थांबल्यावरही तो निर्माण होत राहतो. शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर न्यावी.

दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी काढली जात नसे. पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत काही घरांत दोन-अडीच फुटांवर गेला. १० × १० फुटांच्या खोलीवर दोन फूट कोरडी माती म्हणजे सुमारे नऊ टन, भिजली की आणखी जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे या भाराखाली आणि भिंतींखाली गाडली गेली. भिंती दोन स्वतंत्र पाखांच्या (आतल्या व बाहेरच्या थरांच्या), मध्ये दगडगोट्यांचा भराव आणि सांधणारे आरपार दगड नाहीत, अशा होत्या. जेथे छत लाकडी खांबांवर पेललेले होते तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही छत उभे राहिले. दोष मातीच्या छताचा की भिंतींचा, यावर पुढे चर्चा झाली. भिंतींचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक दिसते, मात्र वाढीव थराने हानी वाढवली यात शंका नाही.

उभ्या माळवदावरील मातीचा थर २० ते ३० सेंमी. जाडीवर आणणे शक्य असते. आधी तुळयांना खालून टेकू द्यावेत. माती दोन्ही बाजूंनी सारखी, पट्ट्यापट्ट्याने काढावी. एकाच टोकाकडून काढल्यास तुळई मुरगळते. किलचण टोकदार सळईने टोचून पाहावे. ते बहुतेक पन्हाळीजवळच कुजलेले असते. मग १० सेंमी. माती, त्यावर जाड प्लास्टिक आणि वर उरलेली माती, दहा फुटांस तीन इंच उताराने चोपावी. प्लास्टिकची कड पन्हाळीच्या आत वळवावी लागते. ती भिंतीच्या माथ्यावर कापून सोडली, तर सगळे पाणी भिंतीच्या पोटात उतरते आणि दसऱ्यापर्यंत तिथे फुगवटा दिसू लागतो.