ट्यूबाचे महाविद्यालयीन वैयक्तिक शिक्षण

विद्यापीठात किंवा संगीत महाविद्यालयात ट्यूबा या सर्वांत खर्जातल्या पितळी वाद्याची, एका वेळी एकाच विद्यार्थ्याला दिली जाणारी तालीम. अमेरिकेत ती पदवी अभ्यासक्रमाचाच भाग असते. तास बहुधा आठवड्यातून एकदा होतो आणि सत्राअखेरीस शिक्षकांच्या मंडळासमोर वाजवून दाखवावे लागते. युफोनियम या ट्यूबासारख्याच, पण लहान पितळी वाद्याचे विद्यार्थीही अनेकदा याच शिक्षकाकडे शिकतात.

तासाचा मोठा वाटा बोटांपेक्षा दमसासावर खर्च होतो, आणि ते योग्यच आहे. खालच्या स्वरांना हवा भरपूर लागते, पण दाब कमी. नवशिका नेमका उलट जोर लावतो आणि आवाज आवळला जातो. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स स्नायूंकडे लक्ष देऊ नका, हवा असलेला स्वर मनात ऐका, असे शिकवत. आजच्या बहुतेक शिक्षकांवर त्यांची छाप आहे.

अमेरिकेत शालेय बँडमधून येणारा विद्यार्थी सहसा बी-फ्लॅट ट्यूबा, म्हणजे मूळ स्वर बी-फ्लॅट असलेला ट्यूबा, वाजवत आलेला असतो. महाविद्यालयात त्याला बऱ्याचदा एक स्वर उंच असलेला सी ट्यूबा घ्यायला लावतात. ट्यूबाचे स्वरलेखन प्रत्यक्ष स्वरातच असल्याने, म्हणजे लिहिलेला स्वरच वाजत असल्याने, कागदावरचे चिन्ह तेच राहते, बोटे मात्र बदलतात. वाचनाची जुनी सवयच आडवी येते. शिवाय दोन-तीन व्हॉल्व्ह (हवेच्या वाटेत जादा नळी जोडणाऱ्या कळा) एकत्र दाबले की जोडलेली नळी हिशेबाने अपुरी पडते आणि स्वर चढतो. तो उतरवण्यासाठी चौथा-पाचवा व्हॉल्व्ह वापरतात, किंवा वाजवता वाजवता डाव्या हाताने पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, ओढतात.

वाद्याचे पेटंट १८३५ मध्ये प्रशियात विल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी घेतले. इतक्या उशिरा जन्मलेल्या वाद्याला मोझार्ट-बेथोव्हनचा वारसा नाही. व्हॉन विल्यम्स यांचा ट्यूबासाठीचा काँचेर्टो १९५४ चा, हिंडेमिट यांचा सोनाटा १९५५ चा. म्हणून अभ्यासाला उसनवारी चालते: बोर्दोन्यी या गायन-शिक्षकाच्या स्वरावली ट्रॉम्बोन या दुसऱ्या पितळी वाद्यासाठी बसवल्या गेल्या, त्याच ट्यूबावादक एक सप्तक खाली वाजवतात. गळ्यासाठी लिहिलेल्या असल्याने श्वास कुठे घ्यायचा हे त्या आपोआप शिकवतात.

ऑर्केस्ट्रात ट्यूबावादक सहसा एकच असतो. त्यामुळे जागा क्वचितच निघते आणि अनेक विद्यार्थी संगीत-शिक्षणाची पदवी घेऊन शाळांच्या बँडकडे वळतात.