पॉइंटनचा चौक : नजरेच्या भरवशावर चालणारा रस्ता

इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्ट आणि मॅकल्सफील्ड यांच्या दरम्यान पॉइंटन नावाचं सुमारे १४ हजार वस्तीचं गाव आहे. एके काळी ते कोळशाच्या खाणींवर जगायचं. त्या १९३५ साली बंद पडल्या. गावाच्या मध्यावर सेंट जॉर्ज चर्चपाशी फाउंटन प्लेस हा चौक आहे. गावातून जाणारा हमरस्ता आणि बाजारपेठेची पार्क लेन इथेच मिळतात. २०१२ च्या सुमारास इथून दिवसाला २५ हजारांच्या वर वाहनं जायची, त्यांत अवजड ट्रकही. २०१२ मध्ये या चौकाचं नवं रूप पूर्ण झालं, तेव्हा तिथले सिग्नल काढून टाकलेले होते. त्यांच्या जागी फरसबंदीत आखलेली दोन वर्तुळं आली, एकमेकांना चिकटून, आठाच्या आकड्यासारखी. कोणी आधी जायचं हे सांगणारी एकही पाटी नाही. ड्रायव्हरने हळू यावं, पायी चालणाऱ्याकडे बघावं, त्यानं ड्रायव्हरकडे बघावं आणि दोघांनी आपसात ठरवावं, अशी ही रचना.

याच्या बरोबर उलट विचाराने ब्रिटनमधले चौक त्याआधी कित्येक वर्षं घडत होते. १९६३ मध्ये कॉलिन ब्युकॅनन यांनी सरकारसाठी शहरांतल्या वाहतुकीवर एक अहवाल लिहिला. (ब्युकॅनन यांचा जन्म आपल्याकडचा, सिमल्याचा.) गाड्या वाढणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि माणसांच्या वस्तीचं त्यांच्यापासून रक्षण करावं, हा त्यांचा आग्रह होता. पण गावोगावच्या इंजिनीअरांनी त्यातलं उचललं ते माणूस आणि गाडी यांना वेगळं काढणं. लोखंडी कठडे, भुयारी मार्ग, जास्तीच्या लेन, लांबलचक सिग्नल. समोरच्या दुकानात जायचं तर कठड्याच्या टोकापर्यंत चालत जा, दोनदा थांबा, मग पलीकडे. रस्त्यानं गावाचे दोन तुकडे केले.

दुसरा विचार नेदरलँडमधून आला, आणि तो दुःखातून आला. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. पुढच्याच वर्षी ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. डेल्फ्टमध्ये त्याआधीच काही गल्ल्यांमध्ये झाडं, बाकं, वळणं घालून गाडीला पाहुण्यासारखं वागायला लावणारे रस्ते तयार होत होते. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्याने मान्यता मिळाली. पण ही सगळी घरापुढच्या शांत गल्लीची गोष्ट होती. वर्दळीच्या चौकात ते चालेल, असं फारसं कोणी मानत नव्हतं.

ते मानलं हान्स मोंडरमान यांनी. फ्रीसलँड प्रांतात रस्ता सुरक्षेचं काम करणारा हा इंजिनीअर. गतिरोधक आणि पाट्या काढून, रस्ता गावाच्या अंगणासारखा दिसू लागला तर गाड्यांचा वेग आपोआप उतरतो, हे त्यांना लहान गावांमध्ये दिसलं होतं. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे द्राख्तेन गावचा लावेइप्लाइन चौक. दिवसाला सुमारे २२ हजार वाहनं, शिवाय सायकलींची रांग. तिथला सिग्नल निघाला, मध्ये वर्तुळ आलं, बाजूला कारंजी आली. अपघात घटले आणि बसगाड्यांचा खोळंबाही कमी झाला. मोंडरमान भेटायला आलेल्या पत्रकारांसमोर पाठमोरे, उलट्या पावलांनी त्या वाहतुकीत चालत जायचे. गाड्या थांबायच्या. ते म्हणायचे ते साधं होतं : रस्ता फार सुरक्षित वाटला की माणूस बेफिकीर होतो, थोडी धास्ती राहिली की डोळे उघडे ठेवतो. जानेवारी २००८ मध्ये ते गेले.

हा विचार ब्रिटनमध्ये रुजवला नगररचनाकार बेन हॅमिल्टन-बेली यांनी. पॉइंटनच्या रचनेमागेही तेच होते. खर्च सुमारे ४० लाख पौंड. चौकातल्या गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सरकू लागल्या आणि पूर्वी सिग्नलला खोळंबणारी रांग वाहती झाली. मला हे काम मनापासून आवडतं. एवढी मोठी वाहतूक न हटवता गावाला त्याचा चौक परत देणं सोपं नाही. ‘आमच्या तालुक्याच्या नाक्यावर हेच तर रोज चालतं’ असं कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. आपल्या नाक्यावर नियम पाळले जात नाहीत. पॉइंटनमध्ये वळणाची त्रिज्या, फरशीचा पोत, रस्त्याची रुंदी यांतलं प्रत्येक माप वेग उतरवण्यासाठी ठरवलेलं आहे.

आणि तरीही या रचनेत एक मोठी फट राहिली. तिचा सगळा कारभार नजरेवर चालतो. ज्याला दिसत नाही, त्यानं काय करायचं?

ब्रिटनमधल्या पादचारी सिग्नलच्या बटणाच्या खोक्याखाली हात घातला, तर बऱ्याच ठिकाणी बोटाला एक छोटा, खाचा असलेला शंकू लागतो. हिरव्या माणसाचा दिवा लागला की तो शंकू फिरू लागतो. आवाज नाही, गाजावाजा नाही. अंध माणूस बोटं त्यावर टेकवून उभा राहतो आणि तो फिरला की निघतो. सिग्नल काढला की तो शंकूही जातो. फुटपाथची कड हीसुद्धा अशीच खूण : पांढऱ्या काठीचं टोक त्या उंचवट्यावरून खाली उतरलं की कळतं, इथून गाड्यांची हद्द. सगळं एका पातळीत आणलं की व्हीलचेअरला सोय होते, आणि काठीला हद्द सापडत नाही. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण, हे चौक आखताना कागदावर दिसत नाही.

खरं तर पायाला समजणारी खूण फार आधी सापडलेली होती. जपानच्या सेइइची मियाके यांनी उंचवट्यांची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. आज आपल्या रेल्वे फलाटांवर दिसणारी पिवळी पट्टी त्याच कुळातली. पण ही फरशी रस्ता कुठे सुरू होतो तेवढंच सांगते. समोरची गाडी थांबली आहे का, हे ती सांगू शकत नाही.

२०१५ मध्ये लॉर्ड क्रिस होम्स यांनी अशा मोकळ्या रस्त्यांबद्दल लोकांचे अनुभव गोळा करून अहवाल काढला. होम्स स्वतः अंध आहेत आणि पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदकं मिळवलेले जलतरणपटू. उत्तर देणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी आपला अनुभव वाईट असल्याचं सांगितलं. ३५ टक्के तर अशा जागा मुद्दाम टाळत होते. मोंडरमान यांची ‘थोडी धास्ती’ इथे उलटी पडते. डोळस माणूस धास्तीने सावध होतो, अंध माणूस घराबाहेर पडणंच सोडतो. आणि जो चौकात येतच नाही, त्याचा अपघात होत नाही. आकडे मात्र सुधारलेले दिसतात.

जुलै २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक संस्थांना फुटपाथ-रस्ता एका पातळीत आणणाऱ्या नव्या योजना थांबवायला सांगितलं. हॅमिल्टन-बेली पुढच्या वर्षी वारले. पॉइंटनला २०२३ मध्ये बायपास मिळाला, बाहेरगावची वाहतूक गावाबाहेरूनच नेण्यासाठी. फाउंटन प्लेसवरची दोन वर्तुळं मात्र त्याआधी अकरा वर्षं, ट्रकांसकट सगळा भार पेलत होती.