स्क्रूच्या भोकापासून मोजा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा किल्ल्यांचा जुडगा हातात येतो. त्याआधीचे कित्येक महिने त्याच किल्ल्या रंगारी, प्लंबर, फरशीवाले, इलेक्ट्रिशियन अशा अनेकांच्या हातून फिरलेल्या असतात. कुणावर संशय घ्यायचं कारण नाही, पण त्यांच्या किती नकला झाल्या हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सामान हलवायच्या आधी दाराचा सिलिंडर बदलून घ्या, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते. दाराच्या जाडीत बसवलेलं मॉर्टाइस लॉक असेल तर अख्खं कुलूप काढायची गरज नसते. किल्ली जाते तो पितळी सिलिंडर तेवढा बदलायचा. काम दहा मिनिटांचं आहे. अडतं ते मापापाशी.

आमच्या घरी तसंच झालं. पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात मी जुन्या सिलिंडरची लांबी सांगितली, सत्तर मिलिमीटर. सत्तरचा सिलिंडर मिळाला, घरी येऊन बसवला, तर बाहेरच्या बाजूने तो हँडलच्या पट्टीत चार मिलिमीटर आत रुतलेला आणि आतल्या बाजूने तेवढाच बाहेर आलेला. किल्लीचं डोकं पट्टीला अडायचं, ती शेवटपर्यंत आत जायची नाही आणि फिरायचीही नाही. वस्तू चांगली होती, माझं मापही चुकलं नव्हतं. मी मोजायला सुरुवात भलत्याच जागेपासून केली होती.

आज बहुतेक नव्या मॉर्टाइस कुलपांत युरो प्रोफाइल पद्धतीचा सिलिंडर असतो. समोरून पाहिलं तर वर १७ मिलिमीटर व्यासाचा गोल आणि त्याखाली १० मिलिमीटर रुंदीची शेपटी, एकूण उंची ३३ मिलिमीटर. हा आकार ठरलेला असल्यामुळे एका कंपनीच्या कुलपात दुसऱ्या कंपनीचा सिलिंडर बसू शकतो. बदलते ती फक्त लांबी, आणि तिचे भाग दोन. सिलिंडरच्या पोटात एक आडवं भोक असतं. दाराच्या कडेवरच्या पट्टीतून येणारा लांब स्क्रू त्यात बसतो. हे भोक म्हणजे सिलिंडरचा शून्य. तिथून बाहेरच्या टोकापर्यंत एक माप, आतल्या टोकापर्यंत दुसरं. ३५/३५ आणि ४०/३० या दोन्हींची बेरीज सत्तरच होते, पण दारात त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमचं फ्लश डोअर ३५ मिलिमीटर जाडीचं, त्यावर बाहेरून नक्षीची फळी आणि हँडलची जाड पट्टी. स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या पट्टीपर्यंत ३९ भरले, आत ३१. माप पाच-पाचच्या टप्प्यांत मिळतात, म्हणजे हवा होता बाहेर ४०, आत ३०.

मोजताना दार उघडं ठेवा. कडेवरच्या स्क्रूच्या मध्यावर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि डोळा अगदी समोर ठेवा. तिरकं पाहिलं की एखाद-दोन मिलिमीटरची चूक सहज होते, आणि टप्पाच पाचचा असल्यामुळे तेवढ्याने निवड बदलते. हँडलची पट्टी धरून मोजायचं, नुसतं लाकूड नाही. नवी हँडलं घेणार असाल तर आधी ती बसवा. दुकानात बेरीज सांगू नका, 'बाहेर ४०, आत ३०, नॉब आतून' असं सांगा. नॉब म्हणजे किल्लीशिवाय हाताने फिरवायची मूठ. नॉबचा सिलिंडर उलटा फिरवून लावता येत नाही, त्यामुळे बाजू सांगणं भागच आहे.

नॉब आतून हवाच, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडे किल्ली लागणारं दार आगीच्या वेळी, धुरात, किल्ली शोधत उघडायचं म्हणजे जिवाशी गाठ. घरात वयस्कर माणसं असतील तर यावर विचारसुद्धा करायला नको.

सिलिंडर बाहेर किती आला तर चालेल? फार तर तीन मिलिमीटर. यामागे साधी यांत्रिकी आहे. स्क्रूच्या भोकापाशी शेपटीची १० मिलिमीटर रुंदी आरपार कोरलेली असते, आणि नेमकी त्याच ठिकाणी वरच्या गोलालाही खटका फिरवणाऱ्या पाकळीसाठी खाच दिलेली असते. म्हणजे सिलिंडरचे दोन भाग तिथे धातूच्या एका बारीक पुलाने जोडलेले असतात. बाहेर आलेलं टोक अवजाराने पकडून हलवलं की लांब दांड्यामुळे जोर कित्येक पटींनी वाढतो आणि सगळा ताण त्या पुलावर येतो. ब्रिटनमध्ये अशा घरफोड्या इतक्या वाढल्या की सिलिंडरसाठी टीएस ००७ नावाचं मानक आलं. त्यात मजबुती ताऱ्यांत मोजतात. तीन तारे मिळवणाऱ्या बऱ्याच सिलिंडरांना बाहेरच्या बाजूला मुद्दाम एक कच्ची खाच दिलेली असते. जोर लावला की तेवढाच तुकडा मोडतो आणि कुलूप बंदच राहतं.

आता शेपटीच्या आत काय आहे ते पाहू, कारण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिथे आहे. गोल भागात फिरणारा गाभा असतो. त्यात पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात दोन पिना, एक किल्लीला टेकणारी आणि दुसरी स्प्रिंगकडची. किल्ली नसताना स्प्रिंगकडची पिन गाभ्यात शिरून त्याला अडवून धरते. योग्य किल्लीच्या खाचा प्रत्येक जोडीला अशा उंचीवर आणतात की दोन पिनांमधली सांध बरोबर गाभ्याच्या कडेवर येते. सगळ्या सांधी एका रेषेत आल्या की गाभा फिरतो. एकही पिन किंचित वर-खाली राहिली तर फिरत नाही. माझी किल्ली पूर्ण आत जात नव्हती म्हणजे तिची प्रत्येक खाच चुकीच्या पिनेवर उभी होती.

ही कल्पना फार जुनी. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांत खुंट्या स्वतःच्या वजनाने खाली पडून अडसर अडवत. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन कारागिराने १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेल्या कुलपांत स्प्रिंगा, फिरणारा गाभा आणि छोटी चपटी किल्ली होती. स्प्रिंग आली आणि पिनेला खालीच पडायचं बंधन उरलं नाही. आपल्या सिलिंडरमध्ये पिना खालच्या शेपटीत असतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर ढकलल्या जातात.

पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंची धरल्या तर ७,७७६ प्रकारच्या किल्ल्या होतात. सहावी पिन वाढवली की ४६,६५६. त्यातल्या काही रचना वापरता येत नाहीत, कारण शेजारच्या दोन खाचांच्या खोलीत फार फरक ठेवता येत नाही. एका पिनेचा खर्च थोडा आणि फायदा सहापट, म्हणून मुख्य दाराला सहा पिनांचा सिलिंडर घ्यावा.

बसवणं सोपं आहे. कडेवरचा लांब स्क्रू पूर्ण काढा. किल्ली घालून थोडीशी फिरवा आणि सिलिंडर हलकेच ओढा. मधली पाकळी आकाराच्या आत आली की तो सरकतो, त्याआधी कितीही ओढला तरी येणार नाही. नवा घालताना तीच क्रिया उलट. स्क्रू हाताने घट्ट करा, पण जोर लावून आवळू नका. सिलिंडर ओढला गेला की किल्ली जड चालते.

किल्ली अडू लागली की आपल्याकडे खोबरेल तेलाचा थेंब सोडतात. तसं करू नका. तेलाला धूळ चिकटते, शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात पिना मेणात रुतल्यासारख्या होतात. ग्राफाइटची पूड वापरा. तिचे थर एकमेकांवर घसरतात आणि धूळ धरत नाहीत.

शेवटी दार उघडंच ठेवून खटका बाहेर काढा, आत घ्या. प्रत्येक किल्लीने, बाहेरून आणि नॉबनेही, आठ-दहा वेळा. एकही किल्ली अडखळली नाही तरच दार लोटा.