अपघातग्रस्ताची प्राथमिक तपासणी व तातडीची परिचर्या

जबर जखमी झालेला रुग्ण दाखल होताच परिचारिका त्याच्या जिवावरचे धोके ओळखून लगेच जे उपाय सुरू करते, त्या कामाला प्राथमिक तपासणी व तातडीची परिचर्या म्हणतात. यात आधी तपासणी आणि मग उपचार अशी फोड नसते. धोका सापडला की तो तिथेच आवरायचा, मगच पुढची पायरी.

पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. धार लागून वाहणारे रक्त सर्वांत आधी दाबून धरायचे. मग श्वासमार्ग, आणि त्याच वेळी मानेचा कणा स्थिर ठेवणे. त्यानंतर श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती, आणि शेवटी कपडे काढून अंगभर पाहणी. जे आधी मारते त्याच्याकडे आधी पाहायचे, एवढेच या क्रमामागचे कारण. मोडून वाकडा झालेला पाय सगळ्यांना दिसतो, नातेवाईकही तोच दाखवतात. पण छातीत साठणारी हवा किंवा पोटातला रक्तस्राव दिसत नाही. म्हणून ओरडणाऱ्या रुग्णापेक्षा गप्प पडलेल्या रुग्णाकडे अनुभवी सिस्टर आधी वळते.

रक्तस्राव ओळखताना रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते. त्यातले 30 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत तरुण रुग्णाचा वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. त्याआधी नाडी वेगाने चालू लागते, हातपाय गार पडतात, नख दाबून सोडल्यावर लाली परतायला 2 सेकंदांहून जास्त लागतात, रुग्ण उगाच बेचैन होतो. या खुणा परिचारिकेच्या बोटांना कळतात. दोन्ही हातांना जाड सुया लावणे, रक्तगट व जुळणीसाठी नमुना पाठवणे आणि पांघरूण घालणे ही कामे मग एकामागोमाग होतात. पांघरुणाला गोव्याच्या उकाड्यात कुणी महत्त्व देत नाही, पण अंग गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव आणखी वाढतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध दुखापतीपासून 3 तासांच्या आतच द्यायचे असते, म्हणून अपघात नेमका किती वाजता झाला हे आणणाऱ्याला लगेच विचारावे.

रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजण्यासाठी 1974 साली मांडलेली ग्लासगो कोमा श्रेणी वापरतात. तिचे गुण 3 ते 15 असतात. 8 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे श्वासमार्ग धोक्यात, डॉक्टरांना श्वासनलिकेत घालायच्या नळीची तयारी लागणार. रुग्णाच्या तोंडाला दारूचा वास येतो म्हणून गुंगी दारूचीच, असे कधीही धरू नये. डोक्यातल्या रक्तस्रावाचीही गुंगी तशीच दिसते. एका नोंदीपेक्षा दर काही मिनिटांनी केलेल्या नोंदींमधला उतार जास्त बोलका असतो.

गोव्यात हे काम म्हापसा व मडगावची जिल्हा रुग्णालये, फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि गावोगावच्या आरोग्य केंद्रांत चालते. डोक्याच्या गंभीर दुखापती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे (गोमेकॉ) येतात. 1842 साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा या महाविद्यालयाकडे आहे. शेजारच्या सिंधुदुर्गातले रुग्णही तिथेच आणले जातात. जखमींत दुचाकीस्वार मोठ्या संख्येने असतात. त्यांचे हेल्मेट काढायला दोन माणसे लागतात: एकाने खालून मान व जबडा आधाराने धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या बाजू फाकवून ते अलगद सरकवायचे. एकट्याने ओढू नये.

माडावरून पडलेला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, हा इथला आणखी एक नेहमीचा रुग्ण. तो टाच दुखते म्हणतो आणि खरोखर टाचच सुजलेली असते. पण पायांवर आदळलेला धक्का वर कण्यापर्यंत जातो, त्यामुळे टाच मोडलेल्या रुग्णाची कंबर तपासल्याशिवाय त्याला बसवू नये. पाठ पाहायची तर चार जणांनी मिळून त्याला लाकडाच्या ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवायचे. हुकूम डोके धरणाऱ्याचा.

कपडे कापतानाही भान लागते. प्रकरण पोलिसांकडे जाणार असेल तर भोसकल्याच्या छिद्रातून कात्री चालवू नये, आणि कपडे प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत. ओल्या रक्ताने प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात. गळ्यातली साखळी ‘पिवळ्या धातूची’ अशी लिहून सहीनिशी नातेवाइकांकडे द्यावी. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगावी, त्याच्या भाषेत. मानेला पट्टा असल्याने त्याला फक्त छत दिसते, म्हणून सिस्टरने वाकून आपला चेहरा त्याच्या नजरेसमोर आणावा.

बांबोळीला पाठवताना 108 रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याच्या हाती चिठ्ठी जाते. तिच्यात दिलेली औषधे, चढवलेले द्रव, शुद्धीचे पहिले आणि शेवटचे गुण, आणि प्रत्येकापुढे वेळ असावी. हातापायाला रक्त थांबवणारा आवळपट्टा बांधला असेल तर बांधल्याची वेळ चिठ्ठीवर तर लिहावीच, पण पट्ट्यावरही ठळक लिहावी. चिठ्ठी वाटेत हरवू शकते.